जोडीची कुडी

बाळांनो, कल्पना करा, तुम्ही विट्यातल्या सराफाच्या दुकानात मामीशेजारी बसला आहात. छोटी राजेश्वरी तशीच बसली होती. मामीची हिऱ्याची एक कुडी हरवली होती आणि उरलेलीच्या जोडीची दुसरी हवी होती. सराफाने कुड्यांचा ट्रे पुढे केला, पण एकही तंतोतंत जुळेना.

"राजे, तूच निवड. कुडीपायी दोन दिस माझ्यासंगं उकिरडा उपसलास. एवढी माया तर माझ्या लेकीला बी न्हाई," मामी म्हणाली.

राजेश्वरीला मान वर करवेना.

"लाजतीस काय गं? हिच्यावाणी दिसंल ती उचल!"

राजेश्वरीने फ्रॉकच्या खिशातून मूठ बाहेर काढली आणि आपल्या बाहुलीच्या कपाळावर टिकली म्हणून लावलेली ती हरवलेली कुडी मामीच्या कुडीशेजारी ठेवली.