चौथा परिच्छेद

शलाकाने पुढच्या बाकांवरच्या मुली मोजल्या. प्रत्येकीने एकेक परिच्छेद वाचायचा, म्हणजे तिच्या वाट्याला चौथा. तिने वाचून दाखवणारं पेन गुपचूप त्या ओळींवरून फिरवलं, त्याच्या इयरफोनमधून कानात आवाज ऐकला, बोटाने मांडीवर शब्द गिरवले आणि अख्खा परिच्छेद पाठ करून टाकला. छापलेली अक्षरं तिच्यासमोर नाचतात, हे या नव्या शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

नंबर आला. ती घडाघडा म्हणू लागली. वर्गात खसखस पिकली.

"अगं, तिसरा लांब आहे म्हणून हिला मी अर्ध्यावरच थांबवलंय! तिथून पुढे वाच," बाई म्हणाल्या.

तिसरा परिच्छेद शलाकासमोर नुसता वळवळत होता. "पाठ करून आलीय ही!" शेजारच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. जुन्या शाळेतलं 'ढ' हे नाव आता इथेही चिकटणार होतं.

तिने पेनमधून इयरफोनची वायर उपटली आणि पेन सगळ्यांदेखत ओळीवर टेकवलं. पेन बोललं. मग ती बोलली. एक ओळ, मग दुसरी.

ती खाली बसली. मागच्या मुलीने हळूच तिची वेणी ओढली.

"ए, ते पेन मला देतेस?" तिचा आवाज रडवेला होता. "आता माझा नंबर आहे."