तीन मुठी
पस्तीस साली नाशिकच्या मैदानावर भाड्याच्या विमानात माणसं तोलून बसवायचं काम माझ्याकडं होतं. आजारी हारुनमियांना मी मालाच्या काट्यावर धरून उभं केलं, तर ते इतके हलके भरले, की विमानाचा तोल राखायला त्यांच्या पायाशी वाळूची पिशवी ठेवावी लागली. "मुंबईचे डॉक्टर बरं करतील यांना. येताना पिशवी लागायची नाही, भाऊ," शेजारी बसताना त्यांच्या बायको नूरबानोभाभी म्हणाल्या. आठवड्याच्या आत विमान परतलं. काचेआड भाभींशेजारी कुणीतरी बसलेलं दिसलं, तसे त्यांचे दीर अब्बास "भाईजान आले!" म्हणत धावले. मी दार उघडलं. शेजारच्या खुर्चीत पट्ट्यानं आवळलेलं वाळूचं पोतं होतं. माणूस कमी झालं, की वैमानिक त्या जागी तेवढंच वजन बांधतो, हे अब्बासना कुणी सांगितलं नव्हतं. ते दारातच खाली बसले. "काल दुपारी मुंबईतच दफन केलं," भाभी म्हणाल्या. "बायकांना कब्रस्तानात नेत नाहीत. मी दवाखान्याच्या जिन्यावरच बसून होते." मी पट्टा सोडवायला वाकलो, तर त्यांनी हात आडवा घातला. "थांबा. मला माती द्यायची राहिलीय." पोत्याचं तोंड त्यांनी स्वतःच सोडलं. कबरीवर टाकतात तशी तीन मुठी वाळू, ओठ हलवत, दारातून मैदानावर सोडली. मग पोतं पुन्हा नीट बांधून त्या म्हणाल्या, "आता उतरवा यांना. हळू."