बाभळीखाली उतरलेली बाई

पातेल्यावरचं झाकण खणकन पडलं आणि मी दचकले. मोटारीतून उतरून घरी आल्यावर मी माझ्या सहा वर्षांच्या कुंदाला घेऊन जेवायला बसले होते.

दुपारी अमडापूरहून बुलढाण्याला परतताना मोटारीत एक बाई ओरडत होती, खिडकीवर डोकं आपटत होती. म्हाताऱ्या बापानं तिचा पदर आपल्या उपरण्याला गाठ मारून बांधला होता. "पंधरा दिसाची बाळंतीण हाय माय, डोक्यावर परिणाम झाला. दवाखान्यात नेऊन राह्यलो," तो एकेकाला हात जोडून सांगत होता.

कंडक्टर म्हणाला, "ऊन लय हाय बाई, जाऊ द्या."

मीच हट्टाला पेटले. "माही पोर भिऊन राह्यली. उतरवा तिले!"

शेवटी बाप-लेक एका बाभळीखाली उतरले. मोटार निघाली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता मात्र मी भरलेलं ताट बाजूला सारलं.

कुंदाला जवळ ओढून मी विचारलं, "लय भेली होती का गं?"

"नाही." ती माझ्याकडे बघत राहिली.

"आई, आपला मधू झाला तवा तूबी अशीच वरडे ना? बाबा तुले दवाखान्यात नेत होते, तवा तुले काऊन नाही कोणी उतरवलं?"