चोवीस तासांच्या आत

गुरुसिद्धप्पांचं विमान हैदराबादहून बरोबर बारा वाजून दहा मिनिटांनी दिल्लीकडं उडालं. गुरुसिद्धप्पा त्या वेळी अक्कलकोटात महाप्रसादाच्या रांगेत उभे होते. डोक्याला मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि नवी पेठेतलं कुणी दिसलंच तर तोंड झाकायला हातात वर्तमानपत्र.

हे सगळं संगमेशमुळं.

नवी पेठेत त्याचं साड्यांचं दुकान यांच्या दुकानाच्या अगदी समोर. मागच्या उन्हाळ्यात तो विमानानं काशीला जाऊन आला आणि गुरुसिद्धप्पांची झोप गेली. तिकिटाची प्रत त्यानं गल्ल्याच्या काचेखाली ठेवली. गिऱ्हाईक साडी बघायला वाकलं की आधी तिकीट दिसायचं. "वरनं गंगामाई कशी दिसती म्हणता? चांदीच्या जरीचा काठ की!" हे वाक्य गुरुसिद्धप्पांनी वर्षभर रस्त्यापलीकडून ऐकलं, दिवसाला दहादा. त्यांच्या दुकानातल्या साड्यांची जर त्याच वर्षी काळी पडली, असं पेठेत सांगतात. पडलीही असेल.

घरी बायको सावित्रम्मा होत्याच. "समोरचा आभाळ हिंडून आला. तुमी बसा गादी झटकत."

जावं म्हटलं, तर विमानाचं नाव काढताच यांच्या पोटऱ्यांना घाम फुटायचा. न जावं, तर समोर तो. अशात पुतणी भुवनेश्वरीनं मोबाइलवर नियम वाचून दाखवला. विमान सुटायला सात दिवस तरी बाकी असले आणि काढलेलं तिकीट चोवीस तासांच्या आत रद्द केलं, तर दंड नाही. सगळे पैसे परत.

गुरुसिद्धप्पांनी तो नियम तिला तीनदा वाचायला लावला.

"म्हंजे तिकीट हातात येणार, पैसं माघारी येणार, आन् माणूस हितंच?"

"व्हय काका. पण चोवीस तास उलटले की कापून घेतात. मग नुसता कर परत येतो, भाडं बुडतं."

त्यांनी काश्मीर निवडलं. संगमेशचं विमान एक, म्हणून यांची दोन: हैदराबाद ते दिल्ली, दिल्ली ते श्रीनगर. तिकीट सकाळी दहाला निघालं. अकराला ते पेठेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतं, दुपारी काचेखाली, आणि संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला: काश्मीर विमानप्रवासास हार्दिक शुभेच्छा. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला भुवनेश्वरीनं ते गुपचूप रद्द करून टाकलं.

संगमेशनं येऊन हार घातला, तेव्हा त्याचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं होतं. ते तोंड गुरुसिद्धप्पांना तीन दिवस पुरलं. चौथ्या दिवशी संगमेशच्या काचेखाली नवं तिकीट. चेन्नईहून अंदमान. तारीख तीच.

"समुद्रावरनं जातंय, अप्पा!" तो दुकानातूनच ओरडला. "खाली जमीनच न्हाय!"

आता माघार नव्हती. प्रवासाच्या आठवड्यात गुरुसिद्धप्पा पेठेत दिसले असते, तर लोकांनी फ्लेक्स उतरवून त्यांच्याच अंगावर पांघरला असता. काल गळ्यात हार घेऊन ते हैदराबादच्या गाडीत बसले, आणि अक्कलकोट रोड स्टेशन येताच हार पिशवीत कोंबून उतरले. आठ दिवस भक्तनिवासात खोली, दोन वेळा प्रसाद. बेत चोख होता.

पोटातली आग तेवढी विझत नव्हती. रांग पुढं सरकत होती आणि गुरुसिद्धप्पा वैशाखाच्या त्या पांढऱ्याफटक आभाळाकडं बघत होते. आपण हितं, उन्हात. संगमेश आत्ता खरंच समुद्रावर असंल. खिडकीशी असंल. परत येईल, आणि आता वर्षभर समुद्र ऐकवंल.

पंगतीत त्यांना भिंतीकडची जागा मिळाली. शेजारचा माणूस एवढ्या उकाड्यात कानटोपी घालून बसला होता. वाढप्यानं आमटीची पळी पुढं केली, तशी त्यानं घास घ्यायला टोपी जरा वर सारली.

संगमेश.

गुरुसिद्धप्पांना आधी फक्त स्वतःची अब्रू दिसली. हा उद्या पेठेत जाऊन सांगणार! मग त्यांच्या ध्यानात आलं, की हा तरी कुठं समुद्रावर आहे? दोघांच्या ताटांत आमटी भाताखालून वाहत कडेला आली, तरी कुणी हात लावला नाही.

शेवटी संगमेशच ताटातून नजर न काढता बोलला. "कितव्या तासाला रद्द केलं, अप्पा?"

"तेविसाव्या. तू?"

"पयल्याच. आमचं काळीज तुमच्याएवढं घट्ट न्हाय."

गुरुसिद्धप्पा त्याच्याकडं सरकले. "आन् काशी?"

"ती बी हितंच झाली की. चार दिवस."

वर्षभर छातीवर बसलेला धोंडा खाली घसरला. गुरुसिद्धप्पांना असं हसू फुटलं की भाताची शितं नाकात गेली. संगमेशनं त्यांच्या पाठीत थापट्या मारल्या. दोघांनी आमटी पुन्हा मागून घेतली. पेठेत कुणी कुणाचं नाव काढायचं नाही, असं ताटावरच ठरलं. एवढं गोड अन्न गुरुसिद्धप्पांनी वर्षात खाल्लं नव्हतं. हात धुताना त्यांनी सख्ख्या भावाला विचारावं तसं विचारलं,

"खोली कुटं मिळाली रं तुला?"

"चौथ्या मजल्यावर, अप्पा. लई वारं येतंय."

गुरुसिद्धप्पांची तळमजल्यावर होती. ओले हात तसेच घेऊन ते भक्तनिवासाच्या ऑफिसकडं पळाले आणि खिडकीत डोकं घालून म्हणाले, "साहेब, तुमच्या इमारतीला पाचवा मजला हाय का?"