चार वाजताचे दिवे

"पत्र पाकिटात घातलंस म्हणून निर्धास्त राहू नकोस. पाकीट किती जाड, कधी टाकलं, किती वेळा टाकलं, एवढ्यावरून चोर मजकूर ओळखतो. आधी ते झाक."

हे बाईंच्या सरांचे शब्द. सर गेले, पण बाईंनी ते कॉलेजात शिकवताना बारा वर्षं विद्यार्थ्यांच्या कानी घातले. इंटरनेटवर माग न ठेवता कसं वावरावं, हा त्यांचा विषय. मजकूर कुलपात असला, नाव पुसलेलं असलं, तरी माहितीच्या ये-जा करण्याच्या लयीवरून पाळत ठेवणारा कोणतं पान उघडलंय ते ओळखतो, हे त्या फळ्यावर रेघा ओढून दाखवत.

आता अठरा दिवस त्या स्वतःच लपत होत्या. रोज दुपारी चारला, व्रत घेतल्यासारख्या, दार लोटून घेत आणि छातीतल्या गाठीबद्दल वाचत. डॉक्टरकडे जायचा धीर नव्हता, वाचायचा होता. नवरा त्याच धंद्यातला; नुसती लय बघून ओळखेल आणि त्याच पावली दवाखान्यात नेईल, ही भीती. म्हणून खरी पानं अकरा मिनिटं, आणि त्यांच्यावर पांघरूण म्हणून खोटी ये-जा: हवामान, विमानांची वेळापत्रकं, विणकामाचे व्हिडिओ, सगळं एकदम. मग नळ सोडून तोंड धुवायचं आणि हसत बाहेर यायचं. नवऱ्याला काडीचा पत्ता नव्हता. याचा बाईंना थोडा अभिमानही वाटे. जीव टांगणीला लागला तरी माणसाची हुशारी मिरवायची खोड जात नाही.

एकोणिसाव्या दिवशी बाहेर आल्या तर सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या.

"गाठ डावीकडेच आहे ना गं?"

 आणि अशा वेळी बाईंनी विचारलं काय, तर कळलं कसं.

सासूबाईंचा हात थांबला नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म गेलेला. तिथे बोलणं ऐकायची मनाई होती. पण कोण, कधी, किती वेळ बोलतं, हे दिसायचंच. त्या सावकाश सांगत गेल्या. समोरच्या राउटरचे दिवे दिवसभर पेंगत असतात. चारला तुझं दार लागलं की वारं प्यायल्यासारखे नाचतात. अकरा मिनिटांनी थांबतात. नळ लगेच सुटतो, पण चेहऱ्यावर पाणी मारल्याचा आवाज फार उशिरा येतो. आणि हल्ली वरच्या फळीवरचं काही काढायला तू डावा हात उचलत नाहीस.

बाईंना हसू फुटलं, पाठोपाठ रडू. एवढी विद्या पाजळली, ती स्वतःच्याच लपण्याच्या जागेवर रोषणाई करायला.

माझ्या मुलाला मी सांगणार नाही, ते तूच सांग, असं सासूबाई म्हणाल्या. पण उद्या सकाळी दवाखाना. बाईंनी मान हलवली.

"मान नको. शब्द दे."

"देते, आई."

एक कोडं तरी उरलंच. लयीवरून पान ओळखायचं तर पाळत ठेवणाऱ्याने तेच पान आधी स्वतः उघडून लय टिपलेली असावी लागते. एरवी बंद दार आणि नळ पाहून कुणी गाठ म्हणत नाही. नोकरी गेली म्हणेल, फार तर बाहेर कुणी आहे म्हणेल.

सकाळी बाई पिशवी घेऊन, कडीचा आवाज न करता निघाल्या. सासूबाई चपला घालून जिन्यात उभ्याच होत्या. हातात दवाखान्याची एक फाईल, कडा झिजलेली. ती त्यांनी पुढे केली आणि कठडा धरून पायऱ्या उतरू लागल्या.

बाईंनी चालता चालता पहिलं पान उघडलं. नाव सासूबाईंचं होतं. तारीख बावीस वर्षांपूर्वीच्या त्या महिन्यातली, जेव्हा त्या हवापालटाला बहिणीकडे गेल्या होत्या, असं घरात सगळे अजूनही समजतात.