पहिलं लक्षण

जुलाबाची साथ आली आणि नर्स असलेल्या थोरल्या जावेची रजा रद्द झाली. धाकटीची बॅग मात्र भरून दारात उभी.

"ताई, तुम्हीच सांगा, जाऊ का आम्ही समुद्रावर?"

समुद्राकाठच्या त्या गावात एकही रुग्ण नाही, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. धाकटीच्या नव्याकोऱ्या गॉगलकडे बघत ती म्हणाली, "तुझी मर्जी. पण साथ फार वाईट आहे बाई. आधी नुसतं पोटात दुखतं, मग माणूस आडवाच होतो."

मटार सोलता सोलता सासूबाईंनी मान वर केली.

"अगं, मग आजच निघा तुम्ही. साथ आपल्याच घरात शिरलीय. तुमची तिकिटं आल्यापासून हिच्या पोटात दुखतंय."