डाव्या कोपऱ्यातली अक्षरं

बड्या साहेबांनी अर्ज हेडक्लार्कच्या हातात कोंबला. "यामागे कोण आहे, त्याचं नाव मला पाच वाजेपर्यंत हवं."

अर्जावर टायपिंग विभागातल्या अकराही बायकांच्या सह्या होत्या. मजकूर जेमतेम: 'या देशात जन्माने कोणी थोर नाही, कोणी हलका नाही. जो पात्र असेल, त्याला प्रत्येक खुर्ची खुली आहे.' आणि खाली प्रश्न: 'मग बाईला हेडक्लार्कची का नाही?'

कुठेतरी पाणी मुरतंय, हे हेडक्लार्कने तिथेच ताडलं. ही भाषा या बायकांची नव्हेच. शिवाय ती आधी ऐकल्यासारखी वाटत होती, म्हणजे नक्कीच कुठल्यातरी मोर्चात. अर्ज हातातून न सोडता त्याने दिवसभर त्यांचे खण उपसले, टोपलीतले कार्बन उजेडात धरले. हाती काही लागेना. पाचला दहा कमी असताना त्याने सगळ्यात जुन्या टायपिस्टला गाठलं.

"बाई, खरं बोला. हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"साहेब, आम्ही मनाचं काही टाइप करत नाही," ती चष्मा पुसत म्हणाली. "देश स्थापन करताना घेतलेली शपथ आहे ही. दरवर्षी स्थापनादिनाला इथेच सांगितली जाते, आम्ही टाइप करतो. आणि जो मजकूर तोंडी सांगेल त्याची आद्याक्षरं खाली डाव्या कोपऱ्यात टाकायची, हा तुमचाच नियम. टाकली आहेत."

हेडक्लार्कने कागदावरचा अंगठा बाजूला केला. सकाळपासून त्याखाली त्याचीच आद्याक्षरं होती.